पित्ताशयाचा नवस

२५ एप्रिल, गुरुवार

झालं एकदाचं. घरी आले.

छातीवर इतक्या पट्ट्या आहेत की आत माझं काय उरलंय ते फक्त डॉक्टर करमना ठाऊक. हसायचं नाही, खोकायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, उताणंच झोपायचं. पन्नाशी उलटल्यावर झोपायला शिकतेय.

सोसीने गाडीतून आणलं. लिफ्टपाशी पोचलो आणि वीज गेली — जनरेटरवाला नेमका जेवायला गेलेला. चार मजले. दर मजल्यावर मला कठड्याला टेकवून सोसीचं एकच पालुपद, "पित्ताशय. लक्षात ठेव. कळ आली तर हात पोटावर, वर नाही." ती माझं दुकान सांभाळते, आणि थापा मारण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी पोट धरून कण्हले. डावीकडे धरलं. सोसीने मागून चिमटा काढला, तेव्हा हात उजवीकडे नेला.

२६ एप्रिल, शुक्रवार

पित्ताशयच का? तर आमच्या अश्रफिये वस्तीत ही जुनी सोय आहे. नाक करून घेतलं की बायका नाकावरची पट्टी मिरवत बाजारभर फिरतात. पण छातीचं कुणी कबूल करत नाही. छातीचं नाव पित्ताशय. "पित्ताशय काढून" आलेली बाई दुकानात शिरली, की मी एक अक्षर न बोलता वरच्या फळीवरची मोठ्या मापाची खोकी खाली घेते. ती लाजते, मी मोजायची टेप काढते, आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारतो. पंचवीस वर्षं ब्रा विकतेय. या वस्तीतल्या बायकांची खरी मापं पाद्रीबाबांनाही माहीत नाहीत, मला आहेत.

मी मात्र उलट्या दिशेने गेले. सगळ्या वाढवून येतात, मी उतरवून आले. चौदाव्या वर्षापासून हे ओझं वागवतेय. मान धरते, पट्ट्यांनी खांद्यांवर चर पडलेत, आणि अलीकडे तर ती दोघं जमिनीकडेच निघाली होती. डॉक्टरांना म्हटलं, निम्मं काढा आणि उरलेलं होतं तिथे नेऊन ठेवा.

मग लपवायचं कशाला? माझ्या तोंडामुळे. इतकी वर्षं गिऱ्हाइकांपुढे छाती काढून सांगत आले — "बघ बाई, इथे सगळं देवाघरचं. ना सुरी, ना सुई." आणि सासूबाई चर्चच्या पायरीवर तेच चारचौघींना सांगत आल्या, "आमच्या घरात कुणी हौसेपायी सुरीखाली जात नाही." आता हे फुटलं तर सगळी गल्ली माझ्या दुकानात हसायला येईल. त्यापेक्षा पित्ताशय बरं.

२७ एप्रिल, शनिवार

पित्ताशयाचा एक तोटा लक्षात आला नव्हता. तेलतूप बंद!

सासूबाई सकाळी उकडलेला बटाटा देतात, दुपारी उकडलेला कोसा, म्हणजे कोवळा दुधीच, संध्याकाळी त्याच पाण्यात भात. घरात खिम्याचे किब्बे तळल्याचा वास सुटलाय — तो त्यांच्यासाठी. मी बघत बसते.

२८ एप्रिल, रविवार

तोड निघाली. सासूबाई चर्चला गेल्या की बाल्कनीतून टोपली खाली सोडायची. सोसी खालून भरते. दोरी ओढायला माझे हात चालत नाहीत, म्हणून दोरीचं टोक कमरेला बांधून मी हळूहळू घरात मागे मागे चालत येते. आज चार किब्बे आणि चीज पसरलेली एक भाजकी रोटी, मनकूशे, वर आली. दिवाणखान्याच्या मधोमध उभ्याने खाल्लं. पुरावा म्हणून कागदसुद्धा ठेवला नाही.

३० एप्रिल, मंगळवार

पट्ट्या काढल्या. आता पुढून उघडणारी घट्ट दवाखान्यातली ब्रा, तीसुद्धा रात्रंदिवस. (वाईट शिवण. माझ्या दुकानात मी ती दारातही उभी केली नसती.)

पाहिलं. रंग वांग्याचा, कडेला हळदीचा. टाके गोल, मग खाली सरळ, मग आडवे. दोन्ही इतकी वर बसवलीत की जणू त्यांना गळ्याशी काही बोलायचंय. डॉक्टर म्हणाले, उतरतील, बसतील, धीर धरा. मी खाली बघितलं आणि मला माझ्या पायांची नखं दिसली. उभ्याने! रंग लावायला झालीत.

मी झोपले असताना डॉक्टरांच्या सेक्रेटरीचा घरच्या फोनवर फोन आला होता म्हणे. सासूबाईंनी घेतला. "काढलेलं तपासायला पाठवलंय, त्याचा रिपोर्ट अजून आला नाही, थोडा वेळ लागेल, असं म्हणाली," एवढंच सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. तपासायला पाठवतातच, नेहमीची रीत आहे. बाई 'पित्ताशय' म्हणाली की दुसरं काही, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

२ मे, गुरुवार

काहीतरी बिघडलंय. सासूबाई टोमणे मारत नाहीत.

आज मी त्यांचा आवडता कप फोडला. हात वर जाईना, निसटला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरी, कपाचं काय." पोरी! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या बाईने मला कधी पोरी म्हटलेलं नाही. आणि दिवसाला सात-आठ कप कॉफी पिणारी बाई कालपासून कॉफीला शिवलेली नाही. विचारलं तर म्हणे, "नकोशी झालीय."

नजीबला कुवेतला फोन केला. त्याला सगळं माहीत आहे. (ऑपरेशनआधी म्हणाला होता, "माझी इस्टेट परस्पर निम्मी करतेस?") म्हटलं, तुझ्या आईला काय झालंय? तर म्हणतो, "काल तिनेच फोन केला होता. म्हणाली, खरं सांग, हियामला काय झालंय. मला हसू फुटलं, मग ते दाबायला खोकलो, मग बोलताच येईना, फोन ठेवून दिला." शाबास. नवरा असावा तर असा.

४ मे, शनिवार

लोक बघायला येतात. चॉकलेटची तबकं इतकी जमलीत की दुसरं दुकान काढता येईल. पण बसण्याची रीत वेगळी. कुणी मोठ्याने बोलत नाही. कुणी पित्ताशयाच्या खड्यांचं विचारत नाही — एरवी कुणाचे किती निघाले यावर तासभर जातो.

दुसऱ्या मजल्यावरची मदाम श्वेरी माझा हात हातात घेऊन बसली, डोळ्यांत पाणी. निघताना एक डबा दिला. उघडला तर वर बदामाची चॉकलेटं आणि खाली केसांचे टोप विकणाऱ्या दुकानाचं कार्ड. कमाल आहे. माझे केस अजून वेणी घालण्याइतके दाट आहेत. म्हातारी भ्रमिष्ट झाली बहुतेक.

५ मे, रविवार

खाज. देवा, ही खाज. आणि मधूनच आतून वीज चमकते. डॉक्टर म्हणतात, नसा जाग्या होतायत. चांगलं लक्षण. लाकडी चमच्याने ब्राच्या वरून खाजवते.

७ मे, मंगळवार

आज सोसीने फोडलं.

टोपलीतून नाही, स्वतः वर आली. दुकानाचा हिशेब सांगते म्हणाली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "विक्री दुपटीने वाढलीय." मी खूश. म्हणाली, "खूश होऊ नकोस. बायका येतात, डोळे पुसतात, मिळेल ते घेतात आणि म्हणतात, हियामला सांग आम्ही प्रार्थना करतोय. त्यांना वाटतंय तुला तो आजार झालाय."

तो आजार. आमच्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की तो ऐकतो.

मी म्हटलं, असं कसं वाटलं त्यांना? सोसीने माझ्या छातीकडे बोट केलं. "अगं, कमी झालंय ना. जिना चढताना श्वेरीने बघितलं. झग्याखालून कळतंच. अश्रफियेत पैसे देऊन कमी कोण करतं, सांग? वाढलं तर पित्ताशय. कमी झालं तर तो आजार."

मी हसायला लागले. टाके इतके दुखले की रडू आलं, तरी हसत होते. सोसी हसली नाही. म्हणाली, "हे तुझ्या सासूला सगळ्यात आधी कळलं. तुझ्या पोटावर एक पट्टी नाही, सगळ्या वर, ते तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं. वर तो तपासणीचा फोन. वर तुझा नवरा फोनवर रडला म्हणे."

तो हसत होता, मी म्हटलं. "तिला काय माहीत," सोसी म्हणाली.

८ मे, बुधवार

खरं म्हणजे आजच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

सकाळी सासूबाईंनी माझे केस धुतले. मला हात वर नेता येत नाहीत म्हणून. स्टुलावर बसवून, बेसिनवर मान टेकवून, कोमट पाणी, लॉरेलचा साबण. बोटं कानामागे अशी फिरत होती की झोप आली. या बाईच्या हातात हे सगळं होतं आणि अठ्ठावीस वर्षं मला त्यातलं काही मिळालं नाही. म्हटलं, आणखी दोन दिवस राहू दे. मी लबाड आहे, मला माहीत आहे.

शिवाय आता किब्बेही मिळतात. "खा, मन मारू नकोस," म्हणतात. टोपलीला सुट्टी.

११ मे, शनिवार

दोन दिवसांचे तीन झाले. आज मजा संपली.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई अनवाणी. फरशीवर येरझारा घालतायत, बाल्कनीच्या दारापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून दारापर्यंत. ओठ मिटलेले. मी म्हटलं, तांत (सासूला आम्ही मावशीच म्हणतो), चपला कुठेत? तर म्हणतात, "सवय करतेय."

कसली सवय ते सांगेनात. सोसीकडून काढून घेतलं, तिला चर्चमधून कळलं होतं. सासूबाई हरीसाच्या डोंगरावरच्या माउलीला नवस बोलल्यात. मे महिना तिचाच. हियाम वाचू दे, मी जूनियेच्या किनाऱ्यापासून वर डोंगरावर तुझ्या पायाशी अनवाणी येईन, तोवर कॉफीचा थेंब घेणार नाही.

वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले. आणि साखर. गेल्या वर्षी नव्या चपलेने टाच घासली तर ती जखम महिनोन्महिने भरली नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, उम् नजीब (नजीबची आई, सगळे त्यांना हेच म्हणतात), घरातसुद्धा अनवाणी नाही, पाय गमवाल. ती बाई डांबराच्या रस्त्यावरून डोंगर चढणार. माझ्या कमी झालेल्या मापासाठी.

२५ तारीख धरलीय म्हणे.

१२ मे, रविवार

सांगायचं. उद्या.

१३ मे, सोमवार

सांगितलं. विश्वास बसला नाही!

सासूबाई द्राक्षवेलीच्या पानांत भात भरत बसल्या होत्या. समोर बसले, म्हटलं, तांत, मला काही आजार नाही. त्या म्हणाल्या, "नाहीच मुळी." म्हटलं, तसं नाही, खरंच नाही. "खरंच नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हटलं, मी हौसेने गेले होते. खूप जड होतं म्हणून कमी करून घेतलं. पैसे मोजून. "हो गं. पैसे मोजून. कळलं मला." आणि पान गुंडाळायला लागल्या.

मी जितकं सांगत गेले तितकी त्यांची खात्री पटत गेली. शेवटी माझा आवाज चढला, तर त्यांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"मातील्दनेही मला शेवटपर्यंत हेच सांगितलं," त्या म्हणाल्या. मातील्द म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझ्या लग्नाआधीच गेली. "ती म्हणायची पोट दुखतंय, आणि आम्ही सगळे पोट दुखतंय म्हणूनच ऐकायचो. तिला वाटायचं आम्हाला माहीत नाही. आम्हाला वाटायचं तिला माहीत नाही. ती गेली त्या दिवशीही मी तिला पुदिन्याचा काढा करून दिला. या वेळी मी तसं करणार नाही, हियाम. तू पित्ताशय म्हण, हौस म्हण, काहीही म्हण. मी चालत जाणार."

 उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

१४ मे, मंगळवार

दाखवलं.

दुसरा उपाय नव्हता. सकाळी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं, पडदे ओढले, दिवा लावला, आणि गाऊन सोडला. ती दवाखान्यातली भिकार ब्राही काढली. म्हटलं, बघा आता.

त्या घाबरून मान फिरवतील असं वाटलं होतं. छे. "थांब," म्हणाल्या. चष्मा आणायला गेल्या. चष्मा लावून जवळ आल्या, इतक्या जवळ की श्वास लागत होता. एका बाजूला बघितलं. दुसऱ्या बाजूला बघितलं. मागे सरून दोन्ही एकदम बघितलं. कपडे शिवायच्या त्या तरुणपणी, तशी नजर फिरत होती — या शिवणीवरून त्या शिवणीवर.

"दोन्हीकडे सारखं आहे," त्या म्हणाल्या.

हो, मी म्हटलं.

"आजार असा मापात येत नाही."

नाही.

"मातील्दचं असं नव्हतं."

मग त्या माझ्या पलंगावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. रुमाल नाही, काही नाही, तसंच. मी उघडी, त्या रडतायत, आणि मला त्यांना जवळ घेता येईना, कारण छातीशी कुणाला धरायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शेवटी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं, बाजूने.

रडणं आटोपलं. नाक पुसलं. पुन्हा एकदा चष्म्यातून बघितलं. म्हणाल्या, "डावं जरा वर आहे."

गाऊन बांधते तोवर दारातून मागे वळून — "बेशरम."

१५ मे, बुधवार

अबोला. जेवायला उकडलेला बटाटा.

१६ मे, गुरुवार

बटाटा. पण आज बोलल्या. "चौदाव्या वर्षापासून जड होतं तर अठ्ठावीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत तोरा कसला मिरवत होतीस?" टोमणा! काय बरं वाटलं. घर पुन्हा घरासारखं झालं.

१७ मे, शुक्रवार

मला वाटलं, आजार नाही म्हणजे नवस नाही. संपलं. कॉफी करून पुढे ठेवली तर कप मागे सारला. "नवस बोललेय मी. खोटं तू बोललीस, माउली नाही. तिला कशी फसवू?"

म्हणजे अजून चालणारच. पाय, साखर, जखम, सगळं बोलून झालं. म्हणाल्या, पाद्रीबाबांना विचारते. म्हटलं, त्यांना विचाराल तर गावभर होईल. "कबुलीच्या खिडकीत विचारते. तिथलं बाहेर येत नाही."

गेल्या. अर्ध्या तासाने आल्या, तोंड लाल. "आत हसत होता. जाळीतून ऐकू येत होतं." काय म्हणाले? "म्हणाला, म्हाताऱ्या आणि आजारी माणसाचा नवस घरातलं दुसरं कुणी फेडू शकतं."

आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आधी पायांकडे, मग तोंडाकडे.

१८ मे, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आले. जखमा छान भरतायत. विचारलं, पुढच्या शनिवारी जरा चालले तर चालेल का? म्हणाले, चाला की, सावकाश. डोंगर आणि अनवाणी हे मी बोलले नाही. रिपोर्टचं सेक्रेटरीने स्वतःहून सांगितलं — प्रयोगशाळेतून आणखी एकदा बघायला दुसरीकडे पाठवलाय. यांची कामं म्हणजे! तिकडे ईस्टरच्या सुट्ट्या अजून संपल्या नाहीत बहुतेक.

२१ मे, मंगळवार

सासूबाईंनी बाहेर चकार शब्द काढलेला नाही. मला वाटलं होतं चर्चच्या पायरीवर माझं वस्त्रहरण होणार. उलट मदाम श्वेरीने विचारलं तर म्हणाल्या, "देवाच्या कृपेने पोर सावरतेय." नंतर मला — "तुझ्यासाठी नाही. माझं नाक आहे ना."

गल्लीत बातमी ही की उम् नजीबची सून स्वतः अनवाणी जाणार. बायका बाल्कनीतून माझ्याकडे बघून क्रुसाची खूण करतात. एरवी मला बघून मापं लपवायच्या.

२५ मे, शनिवार

पाय लिहू देत नाहीत, तरी लिहिते.

सकाळी किनाऱ्यावरून निघालो. मी अनवाणी. सोसी मस्त मऊ बुटांत, हातात मनकूशे, तोंड चालू. सासूबाई म्हणाल्या, "मी वर भेटते," आणि तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेल्या. डोक्यावरून पाळणा जाताना त्यांनी खिडकीतून हात हलवला. हात हलवला की बोट दाखवलं, ते खालून नीट कळलं नाही.

पहिला अर्धा तास मी संत होते. मग खडे सुरू झाले. मग तापलेलं डांबर. वळणं संपत नाहीत, प्रत्येक वळणावर वाटतं हेच शेवटचं. बरोबर चालणारी माणसं माझ्याकडे बघायची, मग छातीकडे, मग मान खाली घालायची. एक अनोळखी बाई जवळ आली, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "माझी आई याच रस्त्याने बरी झाली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोसीसुद्धा चावायची थांबली.

वर पोचले. माउलीपुढे उभी राहिले आणि काय मागावं तेच सुचेना. आजार नव्हताच, तर बरं काय करायला सांगू? म्हटलं, माझ्या नावावर राहू दे. लागलं तर बघू.

सासूबाई भिंतीवर बसल्या होत्या, शेजारी थर्मास. "आलीस? मला वाटलं, चालण्याचंही पित्ताशय केलंस." मला बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि केसांच्या पिनेने एकेक खडा काढला. बाटलीतलं पाणी ओतून धुतला. मग दुसरा. हे करताना एकदाही वर बघितलं नाही आणि एकदाही तोंड थांबलं नाही — माझी लाज, माझा खर्च, माझ्या नवऱ्याचं हसणं. मग थर्मास उघडला. इतक्या दिवसांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून गप्प बसल्या. मी पण.

२६ मे, रविवार

पायांवर उभं राहवत नाही. नखांना लाल रंग लावला. दिसतात तर लावते.

२८ मे, मंगळवार

डॉक्टर करमनी स्वतः फोन केला. रिपोर्ट आला. डावीकडून जे काढलं त्यात एक गाठ होती. मसुरीच्या दाण्याएवढी. तोच आजार. तपासण्यांत दिसली नसती, दिसायला आणखी वर्ष-दोन वर्षं लागली असती, म्हणाले. सगळीच्या सगळी त्या काढलेल्या मांसात गेलीय, कडा स्वच्छ आहेत. आता पुढच्या तपासण्या करू, पण हियाम, तुमच्या हौसेने तुम्हाला वाचवलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

पित्ताशय म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना नाव घेऊन सांगितलं. पूर्ण नाव.

त्यांनी गॅस बंद केला. मग विचारलं, "मी नवस बोलले तेव्हा ते तुझ्या अंगात होतं?" म्हटलं, नाही तांत. तेव्हा निघून गेलं होतं. "म्हणजे मी मागायच्या आधीच दिलं तिने," त्या म्हणाल्या, आणि वाकून चपला काढल्या.

शनिवारी दोघी जातोय. त्यांनी मोजे घालायचे की नाही, यावर भांडण चालू आहे.